‘अडलं’ म्हणजे नेमकं काय अडलं?

प्रश्न : मी 29 वर्षांची, भांडुपला राहते. उंची 152 सेंमी. 14 महिन्यांपूर्वी पहिलं बाळंतपण झालं, सिझर. गुरुवारी संध्याकाळी कळा सुरू झाल्या, रात्री 10 ला नर्सिंग होममध्ये दाखल झाले तेव्हा गर्भपिशवीचं तोंड 3 सेंमी उघडलंय म्हणाले. सकाळी 8 ला 5 सेंमी. पाण्याची पिशवी फोडली आणि कळांचं सलाईन लावलं. दुपारी 1 ला 7 सेंमी. संध्याकाळी साडेपाचलाही 7 च. दुपारपासून कळा 10 मिनिटांत 4 येत होत्या आणि सगळं दुखणं कमरेत होतं. साडेसहाला सिझर झालं, मुलगी 3.1 किलो, ठणठणीत. डॉक्टर जाता जाता एवढंच म्हणाले, ‘बाळ आकाशाकडे बघत होतं.’ डिस्चार्ज कार्डवर ‘डिस्टोशिया, एन.पी.ओ.एल., सी.पी.डी.’ असं लिहिलंय. सासूबाई म्हणतात, दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसल्याचा परिणाम. नणंद म्हणते, पैशासाठी कापलं. माझं कमरेचं हाड लहान आहे का? दुसऱ्या वेळी असंच होणार का? नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का? डिस्टोशियात बाळाचा खांदा अडकतो असं नेटवर वाचलं, तेव्हापासून झोप उडाली आहे.

उत्तर : ताई, अशा बहुतेक पत्रांत ‘फार त्रास झाला आणि शेवटी कापलं’ एवढंच असतं. तुम्ही वेळा आणि सेंटिमीटर लिहिलेत, म्हणून काहीतरी नेमकं बोलता येईल. आधी कार्डवरचे तीन शब्द सुटे करू या, कारण तिघांचं वजन सारखं नाही.

डिस्टोशिया हा ग्रीक शब्द. ‘टोकोस’ म्हणजे बाळंतपण, ‘डिस’ म्हणजे अवघड. आपल्याकडे याला साधा शब्द आहे : बाई अडली. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाला मूढगर्भ म्हटलंय आणि त्याचे कील, प्रतिखुर, बीजक, परिघ असे चार प्रकार सांगितलेत. यातला परिघ म्हणजे दाराला आतून लावायचा अडसर. मूल आडवं आलं की वाट तशीच बंद होते. म्हणजे शब्द परका असला तरी गोष्ट जुनीच. एन.पी.ओ.एल. म्हणजे नॉन प्रोग्रेस ऑफ लेबर, कळा असूनही पुढे सरकणं थांबलं. आणि सी.पी.डी. म्हणजे बाळाचं डोकं आणि आईच्या कमरेच्या हाडाची पोकळी यांचं माप न जुळणं.

पहिले दोन शब्द काय झालं ते सांगतात. तिसरा ‘का झालं’ ते सांगतो, आणि हा ‘का’ बऱ्याचदा अंदाजानं लिहिलेला असतो. खरोखर हाड लहान असणं विरळाच आढळतं : लहानपणी मुडदूस झालेला असणं, अपघातात कमरेचं हाड मोडून वेडंवाकडं जुळलेलं असणं, किंवा उंची फारच कमी असणं. सरकारी कार्यक्रमात 140 सेंमीच्या खाली उंची असेल तर ते जोखमीचं बाळंतपण धरतात. तुम्ही 152. बाळ 3.1 किलो, म्हणजे अगदी रोजच्यातलं वजन. तुमच्या पत्रात ‘हाड लहान’ म्हणावं असं काही दिसत नाही. दिसतं ते दुसरंच : कमरेतलं दुखणं आणि आकाशाकडे बघणारं बाळ.

मुलीला तंग गळ्याचं झबलं घालून बघा. डोक्याच्या मागच्या बाजूनं घातलं तर सर्रकन उतरतं. कपाळावरून ओढलं की अडतं आणि ती रडून घर डोक्यावर घेते. गळा तोच, डोकं तेच. पोटातही असंच होतं. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली असेल तर वाटेत येणारा डोक्याचा व्यास साधारण 9.5 सेंमी असतो. हनुवटी सुटली, मान ताठ झाली, की तेच डोकं 11.5 सेंमीचं होऊन येतं. मान आणखी मागे जाऊन कपाळ पुढे आलं तर 13 च्या वर. आता वाट बघा : वरच्या तोंडाशी ती आडवी 13 आणि उभी 11 सेंमी, पण मध्यावर दोन्ही बाजूंना जी हाडाची टोकं आत येतात त्यांच्यामधलं अंतर साधारण साडेदहाच. म्हणून बाळ आडवं तोंड करून शिरतं आणि खाली येता येता वळतं, दादरला भरलेल्या डब्यातून उतरताना माणूस अंग वळवत दाराशी येतो तसं. शेवटी त्याचं तोंड आईच्या पाठीकडे व्हायला हवं. तुमचं बाळ उलट वळलं किंवा वळलंच नाही. डोक्याची मागची बाजू तुमच्या मणक्यावर आणि तोंड पोटाकडे. या स्थितीत हनुवटी नीट टेकत नाही आणि प्रत्येक कळेला कवटीचा टणक भाग माकडहाडाच्या वरच्या भागावर दाबतो. कमरेतल्या कळांचं कारण बहुधा हेच. कळा सुरू होताना पुष्कळ बाळं अशीच असतात. बहुतेक आपोआप वळतात, शेवटपर्यंत तशीच राहतात ती 100 त 5 च्या आसपास.

म्हणून पत्रावरून जेवढं कळतं त्यात ही गोष्ट मापापेक्षा दिशेची जास्त वाटते. पत्र वाचून तपासणी होत नाही, हे खरं. पण तुमच्या फाइलमध्ये याचा पुरावा असणार. त्याकडे शेवटी येते.

आता नणंदबाईंचा आरोप. मुंबईत पैशासाठी किंवा सोयीसाठी सिझर होतच नाहीत असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये. पण तुमच्या वेळा तसं सांगत नाहीत. 3 ते 5 सेंमीचा रात्रीचा वेळ हिशेबात धरायचाच नाही. त्याला सुप्त टप्पा म्हणतात; तो पहिलटकरणीत दिवसभरही चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत खरा जोर 5 सेंमीपासून धरला आहे. त्याआधी अमेरिकेत फ्रीडमन यांनी 1955 साली काढलेल्या आलेखावरून ‘तासाला 1 सेंमी’ हा हिशेब सगळीकडे रूढ झाला होता आणि त्यापायी पुष्कळ बायकांना घाईनं थिएटरात नेलं गेलं. आता तो आग्रह सोडून दिलाय. पहिल्या खेपेला 5 सेंमीपासून पूर्ण उघडेपर्यंत 12 तासही लागू शकतात. पण थांबणं वेगळं. 6 सेंमीच्या पुढे, पाणी गेलेलं, कळा चांगल्या, आणि 4 तास पिशवीचं तोंड जराही पुढे उघडलं नाही, तर ‘अडलं’ म्हणायचं हा आजचा मापदंड आहे. तुमचे 1 ते साडेपाच म्हणजे साडेचार तास झाले, कळा 10 मिनिटांत 4. तेव्हा सिझर करायलाच हवं होतं. हेच 3 सेंमीवर, पाण्याची पिशवी शाबूत असताना, ‘प्रगती नाही’ म्हणून केलं असतं तर नणंदबाईंच्या बाजूनं लिहिलं असतं.

सिझर न करता वाट बघत बसले असते तर काय झालं असतं? डोकं हाडात रुतत जातं, कवटीची हाडं एकमेकांवर चढतात, टाळूवर सूज येते. गर्भपिशवीचा वरचा भाग जाड होत जातो आणि खालचा ताणून पातळ होतो, पोटावर आडवी खाच दिसू लागते. कॅथेटरमध्ये लाल लघवी येते. मूत्राशय आणि योनीमधली भिंत तासन्‌तास चेपून मेली तर काही दिवसांनी तिथून लघवी गळू लागते. मुंबईत हे आता क्वचित दिसतं, कारण वेळेवर निर्णय होतात.

सासूबाईंना मात्र खुर्ची सोडायला सांगा. खुर्चीवर बसण्यानं बाळंतपण अडत नाही. नवव्या महिन्यात ओणवं बसून फरशी पुसली की बाळ नीट फिरतं, हेही तसंच. या आसनाच्या चाचण्या झाल्यात. शेवटच्या आठवड्यांत रोज ओणवं राहणाऱ्या बायकांत प्रसूतीच्या वेळी उलट तोंडाची बाळं कमी निघाली नाहीत. फरशी पुसायचीच असेल तर फरशीसाठी पुसा. प्रत्यक्ष कळांमध्ये ओणवं राहिल्यानं कमरेची ठणक कमी होते, तेव्हा जरूर राहा. आणि तूप खाल्लं की बाळ सर्रकन सुटतं म्हणतात, पण तूप आतड्यात जातं, प्रसूतिमार्गात नाही. कळा आणायला म्हणून एरंडेलाचं नावही काढू नका, जुना टाका असताना तर नाहीच.

अडू नये म्हणून लेबर रूममध्ये काय करता येतं, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगं आहे. पहिल्या टप्प्यात पलंगावर उताणं पडून राहण्यापेक्षा उभं राहणं, चालणं यानं वेळ सरासरी तासाहून जास्त वाचतो. दर 2 तासांनी लघवी; भरलेलं मूत्राशय डोक्याच्या वाटेत गोळ्यासारखं बसतं आणि कळांत बाईला लघवी लागल्याचं कळतही नाही. पाणी, सरबत, पेज चालू ठेवायची, डॉक्टरांनी मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. सोबतीला एक ओळखीची बाई शेवटपर्यंत. सरकारी ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतीच्या सोबतिणीला जागा दिली आहे, तेव्हा ‘बाहेर थांबा’ म्हणाले तर विनंती करायला लाजू नका. पाठीतल्या इंजेक्शनानं, म्हणजे एपिड्युरलनं, सिझर वाढत नाही. जोर काढायचा टप्पा थोडा लांबतो, इतकंच.

कळांच्या सलाईनबद्दल सविस्तर सांगते, कारण इथेच चुका होतात. 500 मिली सलाईनमध्ये 5 युनिट ऑक्सिटोसिन घातलं तर 1 मिलीत 10 मिलियुनिट येतात. 20 थेंबांचा 1 मिली धरला तर मिनिटाला 4 थेंब म्हणजे 2 मिलियुनिट, इतक्या थोड्यावर सुरुवात करतात. मग दर 30 मिनिटांनी कळा मोजून थोडं वाढवायचं, 10 मिनिटांत 3 ते 4 कळा, प्रत्येक 40 सेकंदांच्या वर, इथपर्यंत पोचलं की थांबायचं. 5 च्या वर कळा गेल्या तर दोन कळांमध्ये पिशवी सैल पडत नाही, बाळाला रक्त मिळत नाही आणि ठोके घसरतात. तेव्हा सलाईन बंद करून बाईला डाव्या कुशीवर वळवतात. ‘लवकर होऊ दे’ म्हणून नातेवाइकांनी सलाईनचं चाक फिरवलं, असं खरंच घडतं. त्या चाकाला सिस्टरशिवाय कुणी हात लावायचा नाही. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. टेबलावर पडून तापलेल्या ॲम्प्यूलचा गुण कमी होतो आणि मग ‘औषध देऊनही कळा आल्या नाहीत’ असं नोंदवलं जातं. आणि कुणी पोटावर चढून वरून दाबत असेल तर ‘नको’ म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला नकारच दिला आहे : बाळ वळलेलं नसेल तर दाबून वळत नाही, पिशवीला आणि बरगड्यांना इजा मात्र होते.

खांद्याबद्दल. शोल्डर डिस्टोशिया वेगळी गोष्ट. त्यात डोकं बाहेर येतं आणि खांदा पुढच्या हाडामागे अटकतो. डोकं येऊन कासवासारखं परत आत ओढलं जातं, त्यावरून ओळखतात. तुमच्यात डोकं खालपर्यंत आलंच नव्हतं. खांदा अडकणं हे 1000 योनिमार्गी बाळंतपणांत 6 ते 7 वेळा घडतं. आईला मधुमेह असेल, बाळ 4 किलोच्या वर असेल तर जास्त, पण जवळजवळ निम्मी बाळं 4 किलोच्या आतलीच असतात, म्हणून आधी सांगता येत नाही. करायचं ते ठरलेलं आहे : ओढणं थांबवायचं, मदत बोलवायची, आईच्या दोन्ही मांड्या तिच्याच पोटाकडे जोरात दुमडायच्या आणि जघनाच्या हाडाच्या लगेच वर, बाळाच्या खांद्यावर तिरका दाब द्यायचा. बहुतेक बाळं एवढ्यावर येतात. तरी न आल्यास मागचा हात आधी काढतात. या गोष्टीसाठी झोप घालवू नका. पुढच्या वेळी साखरेची तपासणी चुकवू नका, ते जास्त उपयोगी.

आता दुसरं मूल. घाई नको. मुलगी 2 वर्षांची होईपर्यंत दिवस राहू न देणं बरं, म्हणजे अजून 10 महिने. दोन प्रसूतींमध्ये 19 महिन्यांहून कमी अंतर पडलं तर कळांत जुना टाका उसवण्याचा धोका वाढतो. तोवर तांबी किंवा डॉक्टर सुचवतील ते साधन वापरा.

नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का? बहुधा हो. एका सिझरनंतर प्रयत्न करणाऱ्या 100 पैकी 72 ते 75 जणींना ते जमतं. पहिलं सिझर अडल्यामुळे झालं असेल तर हा आकडा 60 ते 65 वर येतो. वाईट नाही. टाका उसवण्याचा धोका 200 त 1. कळांचं औषध देऊन सुरुवात केली तर तो 2 ते 3 पट होतो, आणि कळा आणायची मिसोप्रॉस्टॉलची गोळी जुन्या टाक्यावर वापरायचीच नाही. कमरेचा एक्स-रे काढून आधीच ठरवा असं कुणी सुचवेल; त्यानं सिझर वाढतात, फायदा दिसलेला नाही. हाड पुरतं की नाही हे चांगल्या कळांत, नीट वळलेलं बाळच सांगतं. प्रयत्न नको वाटला आणि ठरवून सिझर केलं तर तोही शहाणा निर्णय आहे, 39 आठवडे भरल्यावर. फक्त तीन-चार मुलं हवी असतील तर दर सिझरबरोबर वार जुन्या टाक्यात रुजण्याची भीती वाढत जाते, हे धरून ठरवा.

दिवस राहिले की 6-7 आठवड्यांत सोनोग्राफी, गर्भ जुन्या टाक्याच्या खाचेत तर बसलेला नाही हे बघायला. पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन 2 तासांनी साखर. 140 किंवा वर आली तर मधुमेह धरून उपचार. 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे ते विचारून कागदावर लिहून घ्या.

खरा प्रश्न जागेचा. टाका असलेल्या बाईच्या कळा तिथेच काढायच्या जिथे थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त 24 तास हाताशी आहे. उपनगरातल्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बहुधा फिरते असतात, एकच जण मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत चार ठिकाणी जातो. म्हणून नाव नोंदवताना सरळ विचारा : रात्री 2 ला भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतो? संध्याकाळी 7 ला, एल.बी.एस. मार्ग तुंबलेला असताना? उत्तर 30 मिनिटांच्या पुढे गेलं, किंवा ‘बघू, होईल’ असं आलं, तर तिथे ठरवलेलं सिझर करा, नॉर्मलचा प्रयत्न नको. तुमच्या बाजूला शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, परळला केईएम आणि वाडिया; गर्दी आहे, रांग आहे, पण माणसं रात्रीही जागेवर असतात. नाव लवकर नोंदवा, नवव्या महिन्यात धावाधाव नको.

पहिल्या वेळी कळा 5 मिनिटांवर येईपर्यंत घरी थांबा असं सांगतात. तुम्ही थांबायचं नाही. कळा लागल्या किंवा पाणी गेलं की निघायचं. लेबर रूममध्ये बाळाचे ठोके मशीनवर सतत हवेत, कारण टाका उसवू लागला की बहुधा आधी ठोकेच बिघडतात. दोन कळांच्या मध्येही न थांबणारं दुखणं, टाक्याच्या जागी फाटल्यासारखी चमक, खांद्याच्या टोकाला कळ, रक्त जाणं, चांगल्या येणाऱ्या कळा एकाएकी बंद पडणं, यातलं काहीही झालं तर ओरडून सांगायचं. इथे भिडस्तपणा नको.

आणि ती फाइल. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात, आणि दाखल रुग्णाची फाइल उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपावी लागते. तुमचे 14 महिने झालेत, तेव्हा याच महिन्यात मागा. डिस्चार्ज कार्डवर भागत नाही. तुम्हाला इनडोअर केस पेपर, कळांचा आलेख म्हणजे पार्टोग्राफ, आणि ऑपरेशनची नोंद हवी. ऑपरेशनच्या नोंदीत ‘एल.एस.सी.एस.’, म्हणजे पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद, आहे का ते पहिलं बघायचं. पोटावरचा टाका आडवा आहे म्हणून आतला आडवाच असतो असं नाही, आणि आतला उभा वरपर्यंत गेलेला असेल तर नॉर्मलचा विषयच संपतो. छेद बाजूला फाटून वाढला होता का, हे पाहा. मग डोक्याची दिशा : ‘ओ.पी.’ किंवा ‘ऑक्सिपिटो-पोस्टिरिअर’ लिहिलं असेल तर वर सांगितलं ते जुळलं. ‘स्टेशन’ म्हणजे डोकं किती उतरलं ते; त्यापुढे उणे 2 असेल तर डोकं वरच अडलं होतं, 0 असेल तर मध्यापर्यंत उतरलं होतं, जितकं खाली, तितकी पुढच्या वेळची आशा जास्त. ‘मोल्डिंग’, म्हणजे कवटीची हाडं एकमेकांवर चढणं, यापुढे अधिकची तीन चिन्हं असतील तर मात्र मापाचा संशय धरावा लागेल आणि पुढच्या डॉक्टरांशी त्यावर बोलावं लागेल.

अर्ज दोन प्रतींत करा, तारीख घाला, आणि आपल्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घेऊनच काउंटर सोडा.